कोणाची उजवी?

आमच्या घरात गेलं वर्षभर एक तांबट ओरडत होता.

तांबट हा पक्षी उन्हाळ्यात ओरडतो, हे मला माहीत नव्हतं. मी साताऱ्याकडचा. दाजींना माहीत होतं. दाजी म्हणजे माझे सासरे रघुनाथ गुरव, वय ऐंशीच्या पुढे, केळंबे गावच्या माळकाई देवीचे पिढीजात गुरव. शिमग्याच्या सुमारास ते म्हणाले, "यंदा तांबट लवकर इलो." मग उन्हाळा गेला, पाऊस लागला, पाऊस संपला, तरी तांबट आपला टुक्‌ टुक्‌ करतोच आहे. "हो तांबट येडो झालो आसा," असा दाजींनी निकाल दिला आणि घराने तो मान्य केला. मी कुडाळला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आवाजाची दिशा कशी ओळखावी, यावर दरवर्षी एक अख्खा तास घेतो. मीही मान्य केला.

मार्गशीर्षात जत्रेच्या तयारीसाठी माझी बायको प्रणिता देवघर झाडायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, तांबट डब्यात आहे!"

डबा म्हणजे दाजींची आठवण.

माणूस विसरायला लागला की आठवणी पुसल्या गेल्या असं आपण समजतो. बहुतेक वेळा तसं नसतं. घरात सामान सगळं जागच्या जागी असतं, पण ते कुठे ठेवलंय हे जिला ठाऊक ती बाई माहेरी गेलेली असते. मेंदूतली ही बाई म्हणजे दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला असलेला एकेक वळलेला, करंगळीएवढा भाग. दिवसभरात जे घडलं त्याचे धागे कुठे कुठे गेलेत ते हा भाग लक्षात ठेवतो आणि रात्री झोपेत ते पुन्हा पुन्हा ओढून पक्के करतो. दाजींचा हा भाग थकला. म्हणून त्यांच्या कानामागे तिळाएवढा एक तुकडा बसवलेला आहे. तो दिवसभर धाग्यांची मांडणी टिपतो आणि डब्याकडे धाडतो. दाजी झोपले की डबा ती मांडणी तिळाकरवी परत मेंदूला ऐकवतो, आणि झोपलेला मेंदू ती आपलीच समजून गिरवतो. जुन्या गोष्टींना याची गरज नसते. लहानपणी आंब्यावरून कसे पडले ते दाजी डब्याशिवायही सांगतात, रोज सांगतात. पण अलीकडची दोनतीन वर्षं मात्र डब्याच्या जिवावर. डबा सांगेल तो काल.

माणसाची स्मृती त्याच्या घराबाहेर, कुठल्याही जाळ्यावर जाता कामा नये, असा कायदा झालेला आहे. चांगला कायदा आहे. त्याचा अर्थ एवढाच, की दाजींची दोनतीन वर्षं अख्ख्या जगात एकाच जागी होती. आमच्या देवघरात, समईच्या शेजारी. कारण इन्व्हर्टरचा भरवशाचा पॉइंट घरात तिथेच आहे. डब्याला रोज एक जास्वंदही मिळायची.

एकच जागा म्हणजे धोका, म्हणून डब्यात ड्राइव्ह दोन. दिसायला खोबऱ्याच्या वडीएवढ्या, त्यामुळे घरात त्यांना वड्याच म्हणतात. एक डाव्या खाचेत, एक उजव्या. दोन्हींवर तेच, त्याच क्षणी लिहिलं जातं. एक दुसरीचा आरसा. एक गेली तरी दुसरी चालू राहते. मग गेलेली काढायची, तिच्या जागी कोरी घालायची, आणि चांगली वडी कोरीला सगळं शिकवते. यात चुकण्यासारखं काही नाही. फक्त गेलेली काढायची, चांगली काढायची नाही. बास, एवढंच.

आमच्या डब्यातली एक वडी शिमग्यातच गेली होती. तेव्हापासून डबा टुक्‌ टुक्‌ करून सांगत होता.

हे वर्ष साधं नव्हतं, म्हणून सांगतो. दाजींना प्रणिता ही एकच मुलगी. चुलते, पुतणे सगळे मुंबईला. त्यातला कोणी परत येऊन देवीचा कौल लावत बसेल हे शक्य नाही. कौल म्हणजे देवीच्या पाषाणावर ठरल्या जागी ओल्या कळ्या चिकटवायच्या, गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं, आणि कुठली कळी आधी पडते ते बघायचं. उजव्या अंगाची पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लग्न, विहीर, भांडण, सगळं आजही या गावात कौलाने ठरतं. प्रणिता म्हणाली, मी लावते. दाजी म्हणाले, बायलमाणसान कौल लावूचो नाय. शिमग्यापासून गणपतीपर्यंत ती रोज बोलत राहिली आणि दाजी रोज नाही म्हणत राहिले. मध्ये मीही भाषणं दिली. त्यांचा उपयोग झाला नाही. गणपतीत एका सकाळी त्यांनी तिला देवळात बोलावलं आणि काही न बोलता तिच्या हातात कळ्या दिल्या. त्यानंतर रोज शिकवणी. मग गावाच्या बैठकीत स्वतः उभे राहून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. येत्या जत्रेला पहिला कौल प्रणिता लावणार होती.

कोरी वडी कुरियरने आली. मी कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. आपण चंद्रावर माणसं ठेवली, पण केळंब्यात फोनला रेंज अजून अंगणातल्या फणसाखालीच मिळते. म्हणून मी फणसाखाली, प्रणिता देवघरात, आणि मध्ये खिडकी. दाजी तिच्या शेजारी पाटावर. पलीकडून मधुरा बोलत होती. मधुरा हे माणूस नाही.

"आपल्या स्मृतिसंचातील उजवी चकती अकार्यक्षम आहे," मधुरा म्हणाली. "कृपया उजवी चकती बाहेर काढा. डाव्या चकतीस स्पर्श करू नये."

"उजवी काढ!" मी खिडकीतून ओरडलो.

"उजवी?"

"उजवी, उजवी! डावीला हात लावू नकोस!"

"कळलं हो. बहिरी नाहीये मी."

काही वेळाने आतून डब्याचा स्वतःचा आवाज ऐकू आला. हा आवाज पुरुषी, खर्जातला, आणि असल्या सूचना तो फार गंभीरपणे वाचतो. शब्द कळत नव्हते; नुसती लय येत होती. एक लांब वाक्य, थांबा. एक लांब वाक्य, थांबा. आणि प्रत्येक थांब्याला दाजींचा खणखणीत आवाज, "व्हय म्हाराजा!"

मला वाटलं, प्रणिता गाऱ्हाण्याची तालीम करते आहे.

"तांबट गप झाला," ती खिडकीत येऊन म्हणाली. कोरी वडी घालायला मधुराने दुसऱ्या दिवसाची वेळ दिली. फोन ठेवण्यापूर्वी तिने मला सेवेबद्दल तारे द्यायला सांगितले. मी पाच दिले. त्याचा मला आजही पश्चात्ताप आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी उठले ते पुढच्या अंगणात, खळ्यात येऊन विचारू लागले, "पालखी खय पोचली?"

"कसली पालखी?" मी.

"शिमग्याची. दुसरी कसली? आणि ही थंडी कित्या पडली?" त्यांनी आभाळाकडे संशयाने पाहिलं. "फाल्गुनात अशी थंडी म्हणजे आंब्याचा मोहोर गेलो म्हणून समजा."

मी प्रणिताकडे पाहिलं. प्रणिताने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही देवघरात धावलो.

उजवी खाच भरलेली होती. डावी रिकामी.

"मी उजवी म्हणालो होतो," मी म्हणालो.

"उजवीच काढली."

"ही डावी आहे, प्रणिता."

"तुमची डावी."

"मग तू काढलीस ती कोणाची उजवी?"

"डब्याची."

"डब्याला उजवं-डावं असतं का?"

"तो समोर तोंड करून बसलाय की. त्याला नाही तर कोणाला असणार?" ती म्हणाली आणि मग तिचा आवाज खाली आला. "आता काय झालं असेल, ते सांगा आधी."

काय झालं होतं ते मला फणसाखाली मधुराने सांगितलं, प्रसन्न सुरात. आम्ही चांगली वडी काढली होती. डब्यात उरली ती शिमग्यापासून थिजलेली; तिच्यावरचं जुनं मात्र शाबूत होतं. रुग्णाच्या सेवेत खंड पडू नये म्हणून डब्याने तीच चालू करायची तयारी दाखवली आणि त्याआधी नियमाप्रमाणे विचारलं, की शिल्लक चकतीवरील नोंद जुनी आहे, रुग्णाच्या अलीकडील आठवणी झाकल्या जातील, तरीही सेवा सुरू ठेवावी काय?

"आणि रुग्णाने स्वतःच्या आवाजात तीन वेळा संमती दिली आहे," मधुरा म्हणाली. "'व्हय म्हाराजा' हे होकारार्थी उत्तर आमच्या बोलीसूचीत समाविष्ट आहे. आपल्या प्रादेशिक बोलीचा आम्हाला अभिमान आहे."

"ते त्यांनी सवयीने म्हटलं! कोणी लांबलचक काही वाचलं की ते म्हणतातच!"

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

"बरं. ती चांगली वडी परत घालतो."

"कृपया तसे करू नये. सध्या जुनी चकती सेवेत असल्याने ती मूळ मानली जाईल, आणि परत घातलेली चकती कोरी समजून तिच्यावर जुनी नोंद लिहिली जाईल."

मी फणसाला पाठ टेकली. म्हणजे डब्याच्या दृष्टीने खरं वर्ष हे पुसायचं वर्ष होतं.

उपाय एकच. आधी जुनी वडी काढायची, मग एकटी चांगली घालायची, आणि डबा विचारेल तेव्हा रुग्णाने स्वतः हो म्हणायचं. माणसाच्या आठवणी बदलायच्या तर त्याची संमती हवी, हाही कायदा. हाही चांगला आहे. आणि हे पुढच्या झोपेआधी व्हायला हवं. एका रात्रीत जुनं पान वर आलंय. अजून एक झोप त्याच्यावर गेली की ते बसतं, मग नवी मांडणी मेंदू घेत नाही, दोन्ही वर्षांचा काला होतो.

"रात्रीपर्यंत वेळ आहे," मी घरात येऊन म्हणालो.

"बाबा जेवल्यावर झोपतात," प्रणिता म्हणाली.

वामकुक्षी. डाव्या कुशीवर घ्यायची झोप. त्या दिवशी डावं-उजवं माझा पिच्छाच सोडत नव्हतं.

दाजींना सावकाश, समजावून सांगायचं असं आम्ही ठरवलं. तेवढ्यात नाना गावकर आले. नाना हे गावचे मानकरी. दाजींच्याच वयाचे, देवळात पहिल्या मानाच्या जागी उभे राहतात. खळ्यातूनच ओरडले, "काय दाजी, चेडवाची तयारी झाली मा? कौल लावूक बसतली ना ती?"

"कोण बसतली?"

"प्रणिता! तुम्हीच तर सगळ्या गावाक उठवलास, माझा चेडूच लावतला म्हणून. मी नाय म्हणी होतंय, तर माझ्यावर काठी उगारलास!"

पुढची पंधरा मिनिटं मी गाळतो. नाना चहा न घेता गेले. दाजी ओटीवर बसून अजून ओरडत होते.

"मी असा म्हटलंय? मी? बायलमाणसान कौल लावूचो नाय, माझ्या देवळात तरी नाय! मी जित्तो असताना नाय!"

आम्ही सगळं सांगितलं. डबा, वडी, वर्ष. मी त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. ते त्यांनी मानलं. हा माणूस गणिताला घाबरत नाही. मी बैठकीचा व्हिडिओ दाखवला. त्यात ते स्वतः उभे राहून, काठी आपटून, 'माझा चेडूच लावतला' म्हणत होते.

"व्हिडिओ हल्ली कोणीय करता," दाजी म्हणाले. "मागे नानाच्या मेलेल्या बापाशीचो इललो. दात सुद्धा होते तेका."

ती बनावट जाहिरात मीही पाहिली होती.

"शिकवणीचा आहे का एखादा?" मी प्रणिताला हळूच विचारलं.

"देवीसमोर फोन नेऊ देतात का ते?"

"दाजी," मी म्हणालो, "वर्ष तुमचंच आहे. फक्त परत घ्यायचंय. एक हो म्हणायचंय."

"मास्तरानू, तुम्ही शिकलेले. माका एक सांगा. आज माका ही गोष्ट पटणा नाय. ती वडी घातल्यावर पटतली. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे ती पटूची म्हणून मी माझा डोक्या बदलून घेऊक होया. असाच ना? त्या वडीत जो म्हातारो आसा, तो मी न्हय. तेका माझ्या डोक्यात बिऱ्हाड देऊचा नाय."

मी तीस वर्षं वर्गात उभा राहतोय. इतका नेमका आक्षेप कुठल्या विद्यार्थ्याने घेतलेला मला आठवत नाही. घ्यायचा तर जेवणाआधी घ्यायचा, एवढंच काय ते राहिलं होतं.

मी प्रणिताला मागल्या दारी नेलं. ती कोथिंबीर निवडत होती. म्हणजे आधीच निवडलेली परत निवडत होती.

"एक मार्ग आहे," मी म्हणालो. "डबा प्रश्न विचारणार त्याच खर्जातल्या आवाजात. तू फक्त त्यांना समोर बसव. पहिलं वाक्य गाऱ्हाण्यासारखं तू म्हण. ते आपोआप 'व्हय म्हाराजा' म्हणतील. संपलं. झोपून उठले की त्यांचं त्यांनाच पटलेलं असेल. कोणाचंही नुकसान नाही."

ती कोथिंबीर निवडत राहिली.

"काल फसून म्हणाले, आज फसून म्हणतील. फिट्टंफाट."

"आणि जत्रेला मी कौल लावायचा?" ती म्हणाली. "ह्याच शब्दावर? गावाच्या दोनशे माणसांसमोर मी गाऱ्हाणं घालणार, आणि लोक 'व्हय म्हाराजा' म्हणणार. तो शब्द बाबांकडून चोरून घेतलाय हे मला माहीत असणार. मग मी तिथे बसून काय करू? कळ्या मोजू?"

"मग जत्रेला कोणीच बसणार नाही. आणि पुढच्याही."

"नाही बसणार," ती म्हणाली आणि कोथिंबीर घेऊन आत गेली.

जेवणात कुळथाची पिठी, भात, बांगडा आणि सोलकढी. दाजी चवीने जेवले. रागात त्यांची भूक वाढते. मग ते हात धुऊन झोपायच्या खोलीकडे निघाले आणि मी त्यांना ओटीवर अडवलं. आंब्यावरून कसे पडलात, ते सांगा म्हणालो. त्यांनी सांगितलं. कोणत्या फांदीवरून, म्हणालो. त्यांनी सांगितलं. मी बिनसाखरेचा काळा चहा दिला. त्यांनी तो तुळशीला घातला. त्यांचे डोळे मिटायला लागले तसा मी मोठ्या आवाजात उष्णतावहनाचे प्रकार समजावू लागलो, आणि तेव्हा मला वर्गातला मागचा बाक पहिल्यांदा नीट समजला. त्यांची मान छातीवर आली.

"बाबा," प्रणिता बाहेर आली. तिने चांगली वडी एका वाटीत ठेवून आणली होती. वाटी त्यांच्या पुढ्यात ठेवून ती खाली बसली. "माझ्याकडून चूक झाली. तुमचं वर्ष मी काढलंय. तुमका नको असेल तर नको. पण कोणी काढल्यान ता तुमका ठावक असूक होया. ह्यांनी उजवी सांगितली. मी काढली."

दाजींनी एक डोळा उघडला. "खयची काढलंस?"

"उजवी."

"मगे चूक कसली?"

"तेच तर सांगतोय!" मी उसळलो. "उजवी म्हणून डावी काढली! चला, दाखवतो. एवढी एम. ए. झालेली बाई—"

"मास्तरानू, जरा गप ऱ्हवा." दोन्ही डोळे उघडले. "प्रणिता. दाखव."

आम्ही तिघं देवघरात गेलो. ती डब्यासमोर बसली. तिचा हात उठला आणि थेट आमच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या खाचेकडे गेला.

"हीच," ती म्हणाली.

"बघा!" मी म्हणालो.

दाजी बघत होते, पण खाचेकडे नाही. तिच्या मनगटाकडे. "डोळे मीट," ते म्हणाले. "हात मांडयेर. आता देवीच्या डाव्या खांद्याची कळी खय?"

हात उठला, आमच्या उजवीकडे गेला.

"उजव्या गुडघ्याची?"

आमच्या डावीकडे, खाली. एक क्षणही न थांबता.

आमच्या घरात इतकं शांत वर्षभरात पहिल्यांदा होतं, तांबटही नव्हता.

"ह्या कोणी शिकवल्यान?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"कधी?"

"कधी, ता त्या वडीत आसा. माझ्याकडे नुसतो हात आसा."

दाजी हळूच खाली बसले. मग ते माझ्याकडे वळून बोलले, पण मला सांगत होते असं वाटलं नाही. "नाना गावकर जन्मभर देवळात उभो ऱ्हवलो. अजून कळी पडली की आपली उजवी बघता. समोरून बघणारो प्रत्येक माणूस आपलीच उजवी बघता, मास्तरानू. तुम्हीय तेच केलास. देवीच्या जागेर बसून उजवी बघूक शिकवूचा लागता. माझ्या बापाशीन माझ्या मनगटार छडी मारून मारून घातल्यान ती. तीन वर्षां लागली." त्यांनी तिचं मनगट धरून उलटसुलट केलं, जणू त्यावर काही लिहिलेलं असावं. "मी शिकवल्याशिवाय ह्यो हात थय जावचो नाय. गावात दुसरो कोण आसा शिकवणारो?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"व्हिडिओ करूक येता. ह्या करूक येणा नाय." ते ओटीवर गेले आणि वाटीतली वडी घेऊन आले. तिला वास घेतल्यासारखं केलं. "म्हणजे ह्यो म्हातारो माझ्यापेक्षा शाणो झालो म्हणायचो. एका वर्षात. ह्या वयात." त्यांनी ती तळहातावर उलटी केली. "आणि मी?"

"तुम्ही म्हणजे?"

"आज सकाळपासून जो बोंबलता, तो. पालखी विचारणारो. ही घातली की मी खय जातलंय?"

हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा होता, त्यामुळे उत्तर देणं मला भाग होतं. "आजचा दिवस जुन्या वडीवर लिहिला जातोय, दाजी. ती काढली की तो... तिच्याबरोबर जातो."

"म्हणजे नाय."

"नाही."

"चेडवाक बोललंय, नानाक घालवलंय, ता सगळा नाय?"

"तुमच्यापुरतं नाही. आम्हाला आठवेल."

दाजींनी मान हलवली. मला वाटलं, आता बदलतील. ते म्हणाले, "मगे तेका एक निरोप सांगा. जेवान चांगला होता म्हणा."

मी फणसाखाली गेलो. मधुराने सूचना सांगितल्या. या वेळी मी उजवी-डावी हे शब्द उच्चारले नाहीत. "भरलेल्या खाचेतली" आणि "वाटीतली" असंच ओरडत राहिलो. आत डब्याचा खर्ज सुरू झाला. लांब वाक्य, थांबा. दाजी गप्प. लांब वाक्य, थांबा. दाजी गप्प. मी खिडकीशी गेलो. ते ताठ बसून, डोळे उघडे ठेवून, शब्द न् शब्द ऐकत होते. मजकूर संपला. डब्याने स्पष्ट उत्तर देण्याची विनंती केली.

"व्हय म्हाराजा," दाजी सावकाश म्हणाले.

मग ते उठले, खोलीत जाऊन डाव्या कुशीवर झोपले. मधुराने तारे मागितले. मी फोन बंद केला.

उन्हं कलताना ते उठले. प्रणिता दारात उभी होती. दुपारभर तिथेच होती. त्यांनी डोळे चोळले आणि तिच्याकडे बघून कपाळाला आठी घातली.

"परवा गुडघ्याची कळी लावताना कोपर वर उचललंस तू. परत उचललंस तर बघ."

प्रणिताने नुसती मान हलवली, खूप वेळ हलवत राहिली.

"आणि तांबट खय गेलो?"

"गेला," मी म्हणालो. मग मी चहा घेऊन आलो. मला ते आत्ताच उरकायचं होतं. असले निरोप माझ्याजवळ टिकत नाहीत. "दाजी, आज जेवण चांगलं होतं."

"असात. माका कित्या सांगतास?"

"निरोप आहे."

"कोणाचो?"

मी प्रणिताकडे पाहिलं. जुनी वडी तिने जास्वंदीखाली ठेवली होती. कंपनीला परत पाठवायची होती.

"गुरवांचो," ती म्हणाली.

"खयच्या गुरवांचो?" दाजी चिडले. "ह्या गावात गुरव मी एकटोच." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि बशी तोंडाशी नेताना प्रणिताच्या कोपराकडे त्यांची नजर गेली.

"दोन," ते म्हणाले.